दिसण्यात एक, वंशाने भिन्न : अ‍ॅनोफिलीस डासांतील सहोदर जाती आणि मलेरिया नियंत्रणाचा प्रश्न

गोषवारा : बाह्य स्वरूपात कोणताही फरक दिसत नसताना जनुकीयदृष्ट्या स्वतंत्र असणाऱ्या जीवसमूहांना गुप्त किंवा सहोदर जाती असे म्हटले जाते. अशा जातींचा शोध हा केवळ वर्गीकरणशास्त्राच्या आवडीचा विषय नसून त्याचा मानवी आरोग्य, शेती आणि वन्यजीव संरक्षण यांच्याशी प्रत्यक्ष संबंध आहे. प्रस्तुत लेखात मलेरियाचा प्रसार करणाऱ्या अ‍ॅनोफिलीस डासांच्या उदाहरणाद्वारे या संकल्पनेचे स्पष्टीकरण केले आहे.

बीजसंज्ञा : सहोदर जाती, जातिसंकुल, गुणसूत्र, व्युत्क्रमण, डीएनए, रोगवाहक, मलेरिया.

१. प्रस्तावना

सजीवांचे नामकरण व वर्गीकरण ही जीवशास्त्राची पायाभूत शाखा होय. अठराव्या शतकात कार्ल लिनीअस यांनी द्विनाम पद्धती रूढ केली, तेव्हापासून जातींची ओळख प्रामुख्याने त्यांच्या बाह्य लक्षणांवरून ठरविण्यात येऊ लागली. पंखांवरील ठिपके, पायांवरील पट्टे, दातांची रचना, फुलांच्या पाकळ्यांची संख्या अशा लक्षणांच्या आधारे संग्रहालयांतील लक्षावधी नमुन्यांना नावे मिळाली. ही पद्धत आजही उपयुक्त आहे. तथापि तिच्यामागे एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की, जे वेगळे आहे ते वेगळे दिसलेच पाहिजे. निसर्गाने मात्र हे बंधन पाळलेले नाही.

मनुष्यप्राणी डोळ्यांवर विसंबून राहतो. डास आपला जोडीदार गंधाने, पंखांच्या आवाजाने आणि थव्याच्या जागेवरून निवडतो. वटवाघळे आवाजाने, तर पतंग व अनेक कीटक रासायनिक संकेतांनी परस्परांना ओळखतात. त्यामुळे आपणांस जे दोन जीव हुबेहूब सारखे भासतात, ते एकमेकांच्या लेखी पूर्णतः परके असू शकतात. हे परकेपण ओळखण्यात झालेल्या उशिराची किंमत कधी कधी माणसाला स्वतःच्या आरोग्याने मोजावी लागली आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

१) सहोदर जाती या संकल्पनेचा अर्थ स्पष्ट करणे.
२) युरोप, आफ्रिका व भारत येथील अ‍ॅनोफिलीस डासांमध्ये अशा जाती कशा उघड झाल्या याचा आढावा घेणे.
३) या शोधांचे मलेरिया नियंत्रणावर झालेले परिणाम सांगणे.
४) जनुकीय पुराव्याच्या मर्यादा लक्षात आणून देणे.

३. 'जाती' या संकल्पनेचा अर्थ

अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये मांडलेल्या जैविक संकल्पनेनुसार, निसर्गात परस्परांशी संकर करणारा आणि इतर तशाच समूहांपासून प्रजननदृष्ट्या अलग असलेला जीवसमूह म्हणजे जाती होय. या व्याख्येत दिसण्याला स्थान नाही. कसोटी आहे ती प्रजननाची. दोन समूहांमधील जनुकांची देवाणघेवाण थांबली की ते स्वतंत्र मार्गाने वाटचाल करू लागतात. त्यांच्या आहाराच्या, निवाऱ्याच्या व वर्तनाच्या सवयी बदलतात, मात्र शरीराची ठेवण बदलतेच असे नाही. बाह्यतः अभिन्न किंवा जवळजवळ अभिन्न, परंतु प्रजननदृष्ट्या अलग असणाऱ्या अशा समूहांसाठी मायर यांनी 'सहोदर जाती' ही संज्ञा प्रचलित केली व त्यासाठी दिलेल्या प्रमुख उदाहरणांत युरोपातील मलेरियावाहक डासांचा समावेश होता. अशा जातींचा गट म्हणजे 'जातिसंकुल' होय.

४. युरोपातील कोडे : डास आहेत, मलेरिया नाही

रोनाल्ड रॉस यांना ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या जठराच्या भित्तिकेत मलेरियाचा परजीवी आढळला. पुढील वर्षी इटलीतील जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी मलेरियाचा प्रसार अ‍ॅनोफिलीस प्रजातीच्या डासांमार्फत होतो हे सिद्ध केले. युरोपात या प्रजातीतील सर्वपरिचित डास म्हणजे १८१८ साली नामकरण झालेला अ‍ॅनोफिलीस मॅक्युलिपेनिस. जेथे हा डास तेथे मलेरिया, असा सरळ हिशेब यावरून मांडण्यात आला.

प्रत्यक्षात हा हिशेब जुळेना. इटलीच्या किनारी दलदलींत आणि हॉलंडच्या समुद्रालगतच्या भागात मलेरिया होता. परंतु युरोपातील इतर अनेक प्रदेशांत हाच डास मुबलक असूनही मलेरिया नव्हता. 'मलेरियाविना अ‍ॅनोफिलीस' या नावाने हे कोडे ओळखले जाऊ लागले. काहींच्या मते राहणीमान सुधारल्याने, तर काहींच्या मते गुरांची संख्या वाढल्याने डास माणसांकडून गुरांकडे वळले असावेत. ही स्पष्टीकरणे अगदीच निराधार नव्हती, परंतु एकाच हवामानात, एकाच पद्धतीने राहणाऱ्या दोन गावांत फरक का पडावा, याचे उत्तर त्यांतून मिळत नव्हते.

उत्तर मिळाले ते डासाच्या शरीरात नव्हे, तर त्याच्या अंड्यांवर. इटलीतील आरोग्य अधिकारी दोमेनिको फालेरोनी यांनी १९२६ मध्ये असे दाखवून दिले की, एकसारख्या दिसणाऱ्या माद्यांची अंडी एकसारखी नसतात. काही अंड्यांवर गडद आडवे पट्टे असतात, काही ठिपकेदार असतात. काहींचे तरंगण्यास मदत करणारे हवेचे कप्पे मोठे, तर काहींचे लहान असतात. फालेरोनी यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांच्या नावांवरून लॅब्रँकी व मेसी असे दोन प्रकार नोंदविले. १९३० च्या दशकात लुईस हॅकेट, अल्बेर्तो मिस्सिरोली आणि एरिक मार्टिनी यांनी अंड्यांच्या प्रकारांची मलेरियाच्या नकाशाशी तुलना केली, तेव्हा कोड्याची उकल झाली. लॅब्रँकीची अंडी इटलीच्या मलेरियाग्रस्त किनारपट्टीवर आढळत होती, तर गोड्या पाण्यात वाढणारा व मुख्यतः गुरांचे रक्त पिणारा मेसी मलेरियामुक्त प्रदेशांत विपुल होता. हॉलंडमध्ये खाऱ्या-मचूळ पाण्यात वाढणारा व हिवाळ्यातही घराच्या उबेत राहून अधूनमधून रक्त पिणारा अट्रोपार्व्हस हा रोगवाहक ठरला. तेथील संकर-प्रयोगांत मेसी व अट्रोपार्व्हस यांची संतती वंध्य निपजली आणि हे निव्वळ प्रकार नसून स्वतंत्र जाती असल्याचे स्पष्ट झाले.

एका नावाखाली अशा प्रकारे अनेक जाती वावरत होत्या. या संकुलात आज दहाच्या आसपास जाती मानल्या जातात. त्यांपैकी डेसिई ही जाती २००४ मध्ये रुमानियातील नमुन्यांवरून, मुख्यतः डीएनएच्या क्रमातील अल्पशा फरकाच्या आधारे वर्णिली गेली.

५. आफ्रिकेतील अनुभव

आफ्रिकेतील मलेरियाचा मुख्य वाहक अ‍ॅनोफिलीस गँबी हाही दीर्घकाळ एकच डास समजला जात होता. लंडन येथे जॉर्ज डेव्हिडसन यांनी निरनिराळ्या प्रदेशांतील डासांचा संकर घडवून आणला असता काही जोड्यांपासून झालेले नर वंध्य असल्याचे १९६० च्या दशकाच्या प्रारंभी आढळले. दोन भिन्न जातींच्या संकरात जो परिणाम अपेक्षित असतो तोच येथे दिसत होता.

पुढील संशोधनातून या संकुलातील जातींचे स्वभावभेद समोर आले. गँबी हा प्राधान्याने माणसाला चावतो व घरातच विसावतो. अरेबिएन्सिस माणसांबरोबर गुरांनाही चावतो आणि बऱ्याचदा घराबाहेर विसावतो. क्वाड्रिॲन्युलेटसचा ओढा गुरांकडे असल्याने मलेरियाच्या प्रसारात त्याला महत्त्व नाही. मेरस व मेलास हे किनाऱ्यालगतच्या खाऱ्या पाण्यात वाढतात. घराच्या भिंतींवर कीटकनाशक फवारल्यास घरात विसावणारी जाती मरते. बाहेर विसावणारी मात्र बचावते. एकाच नावाखाली दोन्ही मोजल्या गेल्या, तर फवारणी निष्फळ ठरल्याचा किंवा पूर्ण यशस्वी झाल्याचा, असे दोन्ही चुकीचे निष्कर्ष निघू शकतात. २०१३ मध्ये खुद्द गँबीमधून कोलुझी ही जाती स्वतंत्र नावाने वेगळी करण्यात आली.

६. भारतातील अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसिस

भारतात १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम व १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. डीडीटीच्या फवारणीमुळे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस वार्षिक रुग्णसंख्या सुमारे ५० हजारांवर आली होती. परंतु रोगाने पुन्हा उचल खाल्ली आणि १९७६ मध्ये ही संख्या ६० लाखांच्या पुढे गेली. या पुनरागमनाला अनेक कारणे होती व डासांमधील कीटकनाशक-प्रतिकार हे त्यांतील एक महत्त्वाचे कारण होते. ग्रामीण भारतातील मलेरियाचा मोठा वाटा ज्या डासाकडे जातो, त्या अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसिसचा सखोल अभ्यास करणे त्यामुळे आवश्यक झाले.

६.१ गुणसूत्रांची साक्ष

डासाच्या अर्धगर्भार मादीच्या अंडाशयातील पोषक पेशींत आकाराने मोठी, आडव्या पट्ट्यांची पॉलिटीन गुणसूत्रे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली या पट्ट्यांचा क्रम वाचता येतो. कधीकाळी गुणसूत्राचा एखादा तुकडा तुटून उलटा जोडला गेला असेल, तर त्या भागातील पट्ट्यांचा क्रम उलटा दिसतो. यास व्युत्क्रमण म्हणतात.

१९८० मध्ये ग्रीन व माइल्स यांनी क्युलिसिफेसिसमधील एक्स गुणसूत्राच्या अशा दोन रचना नोंदविल्या. त्यांचे महत्त्व समजण्यासाठी थोडे गणित पाहणे इष्ट ठरेल. समजा, एका गावातील डासांमध्ये मूळ व उलट अशा दोन्ही रचना सारख्याच प्रमाणात आहेत. सर्व डास एकाच जातीचे असून मुक्तपणे संकर करीत असतील, तर १९०८ मध्ये मांडलेल्या हार्डी-वाइनबर्ग नियमानुसार १०० माद्यांपैकी सुमारे २५ माद्यांत दोन्ही गुणसूत्रे मूळ रचनेची, २५ माद्यांत दोन्ही उलट रचनेची आणि ५० माद्यांत एक मूळ व एक उलट अशी मिश्र स्थिती आढळावयास हवी. प्रत्यक्षात एकाच ठिकाणी पकडलेल्या डासांत दोन्ही शुद्ध प्रकार मिळाले; मिश्र प्रकार मात्र मिळाला नाही. याचा अर्थ असा की, एकाच गोठ्यात विसावणारे हे दोन समूह परस्परांशी संकर करीत नव्हते. त्यांना 'ए' व 'बी' अशी नावे देण्यात आली.

दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रात, म्हणजे आजच्या राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेत, सरला सुब्बराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कार्य पुढे नेले आणि 'सी' व 'डी' या जाती उजेडात आल्या. रामेश्वरम बेटावर मात्र एक विसंगती आढळली. तेथील डास पॉलिटीन गुणसूत्रांवरून 'बी' ठरत होते, परंतु 'बी' ही दुर्बल रोगवाहक असूनही तेथे मलेरिया होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस नरांतील वाय गुणसूत्राच्या आकारावरून तेथे 'ई' ही पाचवी, माणसाकडे ओढा असलेली व कार्यक्षम रोगवाहक जाती असल्याचे स्पष्ट झाले. अशा प्रकारे सत्तर वर्षांपूर्वीचे युरोपातील कोडे भारताच्या दक्षिण टोकाला पुन्हा अवतरले आणि त्याचे उत्तरही तसेच निघाले.

६.२ नियंत्रणाच्या दृष्टीने महत्त्व

या पाच जातींपैकी 'बी' वगळता इतर चार जाती रोगवाहक म्हणून महत्त्वाच्या आहेत. ही माहिती नसल्यास पुढील चुका संभवतात.

१) डासांच्या संख्येवरून धोक्याचा अंदाज : ज्या गावात 'बी' बहुसंख्य आहे, तेथे गोठ्यांत डास पुष्कळ सापडले तरी मलेरिया कमी असू शकतो. याउलट रोगवाहक जाती संख्येने अल्प असली तरी धोका मोठा असतो.

२) कीटकनाशकाची चाचणी : ठरावीक मात्रेच्या कीटकनाशकाशी डासांचा एक तास संपर्क घडवून २४ तासांनंतर मृत्यूचे प्रमाण मोजण्याची पद्धत प्रचलित आहे. डीडीटीला 'बी'च्या तुलनेत 'ए' अधिक संवेदनक्षम असल्याचे आढळले आहे. दोन्ही जाती मिसळून चाचणी घेतल्यास जो आकडा मिळतो, तो त्यांपैकी कोणत्याही जातीचा नसतो. 'बी'चे प्रमाण अधिक असल्यास कीटकनाशक निरुपयोगी झाले असा समज होईल. वस्तुतः त्याच फवारणीने रोगवाहक 'ए' मरत असेल. उत्तर भारतात डासांची एकूण घनता फारशी न घटताही फवारणीनंतर मलेरिया कमी झाल्याची जी उदाहरणे दिसली, त्यांचा उलगडा यातून होतो.

३) साधनांचे वाटप : फवारणी व कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्या या खर्चिक बाबी आहेत. रोगवाहक नसलेल्या जातीवर त्या खर्च झाल्यास गरजू गावे वंचित राहतात.

डोंगराळ प्रदेशातील अ‍ॅनोफिलीस फ्लुविॲटिलिस हेही असेच संकुल असून त्यात 'एस', 'टी' व 'यू' या जाती १९९० च्या दशकात ओळखल्या गेल्या. ओडिशातील वनाच्छादित डोंगरउतारांवरील 'एस' ही माणसाचे रक्त पिणारी प्रभावी रोगवाहक आहे, तर 'टी' व 'यू' यांचा कल गुरांकडे असतो. महाराष्ट्रात मलेरियाचा दीर्घकाळ सर्वाधिक भार सोसणाऱ्या गडचिरोलीसारख्या वनबहुल जिल्ह्यात केवळ 'फ्लुविॲटिलिस आढळला' एवढी नोंद पुरेशी का ठरत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

७. डीएनए-आधारित ओळख

गुणसूत्रांच्या पद्धतीला एक मोठी अडचण आहे. तिच्यासाठी नेमक्या अवस्थेतील मादी आणि कुशल डोळा, दोन्ही लागतात. नर, अळ्या किंवा वाळलेले नमुने यांचा उपयोग होत नाही. पॉलिमरेज शृंखला अभिक्रियेमुळे, म्हणजेच पीसीआरमुळे, ही अडचण बऱ्याच अंशी दूर झाली. डासाच्या एका पायातूनही पुरेसा डीएनए मिळतो आणि उरलेले शरीर इतर तपासण्यांसाठी राखून ठेवता येते. रायबोसोमच्या जनुकांमधील काही भाग जातीगणिक बदलतात, परंतु एका जातीत बहुतांशी स्थिर राहतात. त्यामुळे ते ओळखचिन्ह म्हणून उपयोगी पडतात.

कॅनडातील पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये सर्व प्राण्यांसाठी मायटोकाँड्रियातील एकाच जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा भाग 'डीएनए बारकोड' म्हणून वापरण्याचा प्रस्ताव मांडला. २००४ मध्ये याच पद्धतीने, अळ्यांचे रंग व खाद्यवनस्पती यांच्या नोंदींची जोड देऊन, कोस्टारिकातील एकच समजल्या जाणाऱ्या एका फुलपाखरात दहा जाती असल्याचे प्रतिपादन करण्यात आले.

८. डासांपलीकडील काही उदाहरणे

१) पांढरी माशी : कापूस उत्पादकांना परिचित असलेली बेमिसिया टॅबॅसी ही एक कीड नसून किमान २४ सारख्या दिसणाऱ्या जातींचा समूह असल्याचे २०१० च्या सुमारास झालेल्या जनुकीय अभ्यासांतून पुढे आले. त्यांची कीटकनाशक सोसण्याची व विषाणू पसरविण्याची क्षमता सारखी नाही.

२) वटवाघूळ : युरोपातील पिपिस्ट्रेल वटवाघळांपैकी काहींचा ध्वनी सुमारे ४५, तर काहींचा ५५ किलोहर्ट्झ एवढ्या कंप्रतेचा असतो. १९९७ मध्ये त्यांच्या एका जनुकात ११ टक्क्यांहून अधिक फरक आढळला व त्या दोन जाती असल्याचे मान्य झाले.

३) आफ्रिकी हत्ती : गवताळ प्रदेशातील व वनातील हत्ती जनुकीयदृष्ट्या दूर असल्याचे २००१ मध्ये दाखविले गेले. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्यांचे प्रथमच स्वतंत्र मूल्यमापन केले, तेव्हा वनातील हत्ती 'अतिशय धोक्यात' या वर्गात गेला. एकत्रित मोजणीत त्याची घसरण झाकली जात होती.

९. मर्यादा व सावधगिरी

जनुकीय फरक आढळला म्हणजे नवी जाती सापडली, असा अर्थ काढणे योग्य नाही. एकाच जातीच्या दूरस्थ समूहांतही फरक असतात. न्यूझीलंडमधील तुआतारा या सरीसृपाच्या एका बेटावरील समूहाला १९९० मध्ये स्वतंत्र जातीचा दर्जा देण्यात आला. परंतु सुमारे वीस वर्षांनंतर अधिक व्यापक जनुकीय अभ्यासाअंती सर्व तुआतारा एकाच जातीचे असल्याचे ठरले. दुसरीकडे, नुकत्याच विभक्त झालेल्या जाती एकच जनुक पाहिल्यास निसटू शकतात. गँबी व कोलुझी यांना केवळ मायटोकाँड्रियाच्या डीएनएवरून खात्रीने वेगळे करता येत नाही, कारण त्यांच्यात अधूनमधून संकर घडतो. म्हणूनच गुणसूत्रे, अनेक जनुके, संकर-प्रयोग, वर्तन आणि अधिवास या पुराव्यांचा मेळ घालून निर्णय घेणे श्रेयस्कर असते.

त्याचप्रमाणे बाह्य लक्षणांचा अभ्यास कालबाह्य झाला असे मानणेही चुकीचे होय. फालेरोनी यांच्या काळी डीएनएची रचना ज्ञात नव्हती. त्यांना वाट सापडली ती अंड्यांच्या बारकाईने केलेल्या निरीक्षणातून. प्रयोगशाळेतील यंत्राकडे कोणता नमुना न्यावयाचा, हे अखेर क्षेत्रावर काम करणाऱ्या जाणकारासच ठरवावे लागते.

१०. निष्कर्ष

१) बाह्य साम्य हे जातीच्या एकत्वाचा निर्णायक पुरावा नव्हे.
२) मॅक्युलिपेनिस, गँबी, क्युलिसिफेसिस व फ्लुविॲटिलिस या चारही संकुलांत जातिभेद कळल्यानंतरच मलेरियाच्या प्रसाराचे स्वरूप नीट समजले.
३) रोगवाहक व अ-रोगवाहक सहोदर जाती एकत्र मोजल्यास धोक्याचा अंदाज, कीटकनाशकाची निवड आणि निधीचे वाटप या तिन्ही बाबी चुकण्याचा संभव असतो.
४) जनुकीय पुरावा इतर पुराव्यांच्या जोडीनेच वापरणे आवश्यक आहे.

भारताने २०३० पर्यंत मलेरिया निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. रुग्णसंख्या जसजशी घटते, तसतसा उरलेला मलेरिया जंगलातील पाड्यांत आणि दुर्गम वस्त्यांत एकवटतो. अशा वेळी सर्वत्र सारखी उपाययोजना करण्यापेक्षा त्या वस्तीत कोणता डास, कोठे विसावतो व कोणाचे रक्त पितो हे जाणणे अधिक मोलाचे ठरते. गोठ्याच्या भिंतीवर शेजारी-शेजारी बसलेल्या दोन सारख्या डासांपैकी एक ताप घेऊन घरात शिरणारा आणि दुसरा बहुतांशी निरुपद्रवी असू शकतो. त्यांच्यातील भेद डोळ्यांना दिसत नाही. तो शोधावा लागतो, आणि त्या शोधावरच पाड्यावरील माणसाचे आरोग्य अवलंबून असते.